येन उतरला तेव्हाचं थान

आमच्या घरात सट्टा हा शब्द शिवीसारखा वापरतात. बाबूजींच्या एका चुलतभावाने सट्ट्यात राहतं घर घालवलं होतं आणि त्याचा विषय निघाला की आई उठून आत जायची. त्यामुळे नागपूरच्या बँकेतल्या मॅडम जेव्हा मला समजावू लागल्या, की नऊ महिन्यांनी जपानहून येणाऱ्या येनचा भाव आजच बँकेशी पक्का करून ठेवता येतो, तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली. म्हटलं, "मॅडम, आम्ही कापड विकतो. पैशावर पैसा लावणं आमच्या खानदानात बसत नाही." काय ऐटीत म्हटलं होतं. आज आठवलं की कान गरम होतात.

धंदा आमचा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचा. भंडारा जिल्ह्यातलं आमचं गाव, घरोघरी माग, आणि बाबूजी विणकरांकडून थान, म्हणजे कापडाचे अख्खे तागे, घेऊन नागपूर-कलकत्त्याला विकायचे. मी दोन इयत्ता जास्त शिकलो म्हणून परदेशात विकू लागलो. पहिली काही वर्षं बिलं डॉलरमध्ये होती. माल पाठवायचा, दोन-तीन महिन्यांनी डॉलर यायचे, आणि तोवर डॉलर थोडा चढलेलाच असायचा. तो आपोआप चढायचा आणि मी मिशीवर ताव द्यायचो. बायकोला सांगायचो, याला डोकं लागते. ती म्हणायची, "असं का?" आणि भाजी निवडत राहायची.

मग जपानचा एक खरेदीदार मिळाला. भला माणूस, बोलणं कमी, कापड मात्र नाकाजवळ नेऊन बघणारा. त्याने मोठी ऑर्डर दिली, अट एकच, भाव येनमध्ये सांगा आणि तो बदलू नका. मी त्या दिवशीच्या भावाने गुणाकार केला, आकडा गलेलठ्ठ दिसला, हो म्हणून मोकळा झालो. आता बघा, कोसा रुपयांत घेतलेला, मजुरी रुपयांत ठरलेली, विणायला सहा महिने, पैसे माल पोचल्यावर आणखी तीन महिन्यांनी, आणि येणार ते येन. मधल्या नऊ महिन्यांत येन उतरला तर काय, हे मॅडम विचारत होत्या. मी ऐकून घेत नव्हतो.

त्यांनी शेवटी जरा चिडूनच सांगितलं, "तुम्ही काहीच केलं नाही तरी तो जुगारच आहे, साहेब. फक्त तुमचे पत्ते उलटे ठेवलेले आहेत." मी विचारलं, "आणि भाव पक्का केल्यावर येन चढला तर?" त्या म्हणाल्या, "तर तो फायदा तुमचा नाही." बस, तिथे माझा विचार पक्का झाला. खानदान वगैरे सगळं बोलण्यापुरतं. मला तो चढलेला फायदा सोडवत नव्हता, हे खरं कारण.

यात लाजिरवाणी गोष्ट अशी, की मॅडम जे सांगत होत्या ते आमच्या छपरीत, घरापुढच्या पडवीत, वर्षानुवर्षं चालत होतं. नवी ऑर्डर आली की बाबूजी विणकरांना छपरीत बसवत, थानामागे मजुरी किती ते चारचौघांत बोलत, आणि पान-सुपारी देत. त्याला आम्ही बोली म्हणतो. एकदा बोली झाली की कोसा महाग होवो, बाजार बसो, थान मागावरून उतरेपर्यंत मजुरीला हात लावायचा नाही. बाजाराचं भलंबुरं सावकाराचं, म्हणजे आमचं. विणणाऱ्याने फक्त विणायचं. बाबूजी आयुष्यभर विणकरांचा भाव असा आधी पक्का करत आले आणि मी ते बघत मोठा झालो, तरी स्वतःचा भाव पक्का करायची वेळ आली तेव्हा मला तो सट्टा वाटला.

येन उतरू लागला. आधी हळूहळू, मग भसाभस. मी सकाळी दात घासायच्या आधी मोबाईल बघू लागलो. आज चढेल, उद्या चढेल. मॅडमना फोन करायची लाज वाटत होती, म्हणून केला नाही, आणि येन आणखी उतरला. सहा महिने संपता संपता हिशेब असा झाला की प्रत्येक थानामागे मी घरचे पैसे घालणार. बाबूजी तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या आणि घरचे पैसे घातले असते.

बोली मोडायची हिंमत माझ्यात नव्हती. गाव थुंकलं असतं. पण बोलीत एक फट होती. कापडात खोट निघाली तर मजुरी कापता येते. बाबूजींच्या काळात असं क्वचित व्हायचं आणि विणकर स्वतःच मान्य करायचा, हव, इथं वीण सैल पडली. मी त्या फटीत हात घालायचं ठरवलं, आणि सुरुवात कोणापासून करायची तेही नीट विचार करून ठरवलं.

आमच्याकडे एक काकू विणायच्या. नवरा गेल्यावर त्याच्या मागावर स्वतः बसल्या होत्या, तेव्हा लोक हसले होते. साठीला आलेल्या, बोलणं फटकळ, आणि वीण अशी की बाबूजी त्यांचं थान उलगडून न बघताच बाजूला ठेवत. मी त्यांनाच निवडलं. कारण त्यांच्याच कापडात खोट निघाली म्हटल्यावर बाकीचे कोणत्या तोंडाने भांडतील? इतका हलका विचार मी पूर्ण शुद्धीत, चहा पिता पिता केला होता.

बाजाराचा दिवस होता. आठ-दहा विणकर छपरीत बसलेले. काकूंनी थान आणलं, मी ते पांढऱ्या चादरीवर उलगडलं, सावकाश हात फिरवत गेलो आणि मधोमध एके जागी बोट ठेवलं. "काकू, इथं वीण पातळ झाली. पुढं पण दोन ठिकाणी हाय."

त्या वाकल्या. "कुठं, भाऊ?"

"हे काय. इथं."

त्यांनी थान उचलून उजेडात धरलं. नखाने धागे चाचपले. पुन्हा खाली ठेवलं, पुन्हा वाकल्या. बाकीचे आपापल्या थानांकडे बघत होते. सगळ्यांची थानं अजून माझ्या हाताखालून जायची होती. मला वाटलं आता त्या भडकतील, आणि भडकल्या असत्या तर मी माघार घेतली असती, हे मी आजही स्वतःला सांगतो. पण त्या भडकल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "मले त दिसूनच नाही राहिलं, बा." आणि त्यांनी डोळे चोळले.

मजुरी कापली. त्यांच्यामागून सगळ्यांची कापली. ती सगळी थानं त्याच आठवड्यात जपानला गेली, पहिल्या दर्जाची म्हणून, ठरल्या भावाने. काकूंचंही त्यातच होतं.

पुढच्या ऑर्डरला काकू आल्या नाहीत. लोकांकडून कळलं, सिहोऱ्याच्या शिबिरात जाऊन डोळे तपासून आल्या. डॉक्टरने वयाचा चष्मा दिला, बाकी डोळे ठीक म्हटलं, पण त्यांचा डॉक्टरवर विश्वास बसला नाही. भाऊ खोटं कायले सांगन, असं म्हणाल्या. मुलाने पाय सोडून विणायला बसतात तो मागाचा खड्डा बुजवून घेतला आणि त्या बपेऱ्याला लेकीकडे राहायला गेल्या. मी ऐकलं आणि, आता वय झालंच होतं त्यांचं, असं म्हटलं.

तेवढ्यावर राहिलं असतं तर मी हे कधीच लिहिलं नसतं. दोन वर्षांनी जपानच्या खरेदीदाराचा मेल आला. सोबत फोटो होता आणि थानाच्या चिठ्ठीवरचा नंबर. याच हाताचं कापड पाहिजे, वीस थान, भाव तुम्ही म्हणाल तो. नंबर बघितला, काकूंचं थान होतं ते.

तोवर मी शहाणा झालो होतो. धावत मॅडमकडे गेलो आणि येणाऱ्या येनचा भाव पक्का केला. त्यांनी समजावलं, हा करार दोन्हीकडून बांधलेला असतो, ठरल्या महिन्यात तुम्ही येन आणून द्यायचेच, नाही दिले तर करार मोडायचा आणि भावात पडलेला फरक तुम्ही भरायचा. मी सही केली. आणि मग काकूंना आणायला बपेऱ्याला निघालो. मनाची टोचणी वगैरे नव्हती, सही केली होती म्हणून निघालो.

काकू अंगणात सुपात लाखोरीची डाळ घेऊन बसल्या होत्या. बारीक बारीक खडे चिमटीने काढून बाजूला टाकत होत्या. मला बघून लगबगीने उठल्या, लेकीला चहा ठेवायला सांगितलं. मी ऑर्डरचं बोललो. त्यांनी मान हलवली.

"नाही, भाऊ. एक डाव तुमचा माल खराब केला मी. जपानवाल्यापुढं तुमचं नाव खराब झालं असन. मले लई वाईट वाटलं होतं."

मी चहाचा कप खाली ठेवला. मग सांगून टाकलं, खोट नव्हती म्हणून. येन उतरला होता, मी घाट्यात होतो, तुमचं कापड नंबर एकचं होतं. कापलेली मजुरी पाकिटात घालून नेली होती, वर बरेच जास्तीचे. ते पाकीट पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही, बघितलंही नाही. सुपावर हात ठेवून तशाच बसल्या.

"मंग त्या दिवशी बोट कायवर ठेवलं होतं तुमी?"

"कशावरच नाही, काकू."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, "दोन साल मी आंधळी समजून जगून राहिली." आवाज चढला नव्हता. मग म्हणाल्या, "पैसे ठेवा तुमचे. छपरीत जेवढे तेव्हा होते तेवढ्यायले बसवा, आणि आता मले सांगितलं ते तिथं सांगा. त्या दिवशी मी परत येतो, माग लावतो, वीसच्या जागी पंचवीस थान देतो."

मी हो म्हटलं. पुढच्याच बाजाराला सांगतो म्हटलं, आणि तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं.

पुढच्या बाजाराला सगळे आले. चादर पसरली. मी घसा साफ केला आणि कोशाच्या भावाचं बोललो. त्यापुढच्या बाजारालाही तसंच झालं. एकदा तर उभा राहिलो होतो, सगळे बघत होते, आणि मी पाणी मागितलं. काकूंनी सांगायला लावलेली दोनच वाक्यं होती, पण ती बोललो की उरलेल्या सगळ्यांना कळणार होतं की त्यांच्याही थानांवर माझं बोट कशावरच नव्हतं.

काकू आल्या नाहीत, वीस थान विणलेच गेले नाहीत, आणि बँकेशी ठरलेला महिना आला. मधल्या काळात येन चढला होता, त्यामुळे करार मोडताना फरक चांगलाच बसला. त्या वर्षी सगळ्या विणकरांची मिळून जेवढी मजुरी कापली होती, त्याहून जास्त मी एका चेकने भरलं. मॅडमना आश्चर्य वाटलं. इतकी चांगली ऑर्डर, भावही बांधलेला, मग माल का गेला नाही, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "विणणाऱ्या बाईंचे डोळे गेले."