भरल्या ताटावर

५ डिसेंबर २०२०. मी गहू निवडत होते. शेजारच्या खानावळवाल्या वहिनी नेहमीसारख्या भांडल्यागत ओरडल्या, "ताई, दुपारी समदी जेवायला या! बँकेचा साहेब येतोय, खानावळ चालू दिसली पायजे."

कोरोनामुळे आमच्या माण गावात राहणारी आयटी कंपन्यांतली पोरं आपापल्या गावी गेली होती. सरकारी हमीचं कर्ज मिळालं, तरच वहिनींची खानावळ तगणार होती.

साहेबांना त्यांनी आग्रहाने जेवायला बसवलं. भरलेली बाकं पाहून साहेबांनी विचारलं, "रोज एवढी गर्दी?"

"न्हाई वं. ही शेजारची हायेत. रोज चारच येत्यात."

साहेब "कळवतो" म्हणून गेले.

"वहिनी, हे काय केलंत?" मी विचारलं.

"जेवताना इचारलं त्यानं. भरल्या ताटावर खोटं कसं बोलू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या घरचे डबे त्यांच्याकडे लावले.