आठ जणांची सिस्टीम

मला रागीट म्हणतात. म्हणोत. अंबडच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचं तर नुसतं गोड बोलून भागत नाही. आलेला माल मी जाडजूड रजिस्टरात लिहायचे आणि खाली ठसक्यात सही ठोकायचे. दोन हजार सालानंतर नवीन सॉफ्टवेअर आलं आणि रजिस्टर कपाटात गेलं. कंपनीने लायसन घेतलं आठच युजरचं. आठ नावं भरली की नवव्याला दार बंद. त्या आठांत मॅनेजर होते, अकाउंटवाले होते, क्वालिटीवाले होते. जिच्या टेबलावर दिवसभर मालाची चलनं येऊन पडायची, ती मी मात्र नव्हते.

मग तोडगा निघाला. आमचे मोठे साहेब नुकतेच रिटायर झाले होते, पण यादीत त्यांचं नाव तसंच होतं. त्यांची केबिन दुसऱ्याला दिली, खुर्ची हलवली, पण सिस्टीममधलं नाव काढायची कुणाची छाती होईना. ज्या माणसाने कारखाना उभा केला त्याचं नाव आपल्या हाताने कसं पुसायचं, असं सगळ्यांचं म्हणणं. "तू साहेबांच्या नावाने एंट्री करत जा," मॅनेजर मला म्हणाले. मी करत गेले, आठ महिने. मान मोडेपर्यंत काम माझं आणि प्रत्येक पावतीवर छापून यायचं साहेबांचं नाव. मला ते फार झोंबायचं.

एके दिवशी गिऱ्हाईक कंपनीचा ऑडिटर आला. त्याने एक जुनी एंट्री उघडायला लावली आणि पडद्यावरचं नाव वाचून म्हणाला, "हा माल यांनी उतरवून घेतला ना? बोलवा त्यांना."

मॅनेजरांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब तेव्हा गंगापूर रोडला आपल्या बंगल्यात गुलाबांना पाणी घालत असणार. माझ्याबरोबर माल मोजणारे सिन्नरचे काका भाबडेपणाने बोलून गेले, "ते साहेब तर लय दिवस झाले, येत नाय."

आता लपवायचं काय राहिलं? मी पुढे झाले. "एंट्री मी केलीये."

ऑडिटरने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्या दिवशी काय आलं होतं, आठवतं?"

न आठवायला काय झालं? दोन पेट्या ओतीव कास्टिंग आलं होतं. एका पेटीतले सात नग कडेला तडकलेले निघाले, ते मी परत पाठवले. ड्रायव्हर हुज्जत घालत होता, त्यालाही गप्प बसवलं. हे सगळं मी घडाघडा सांगितलं. त्याने परतीची एंट्री उघडली. सातच नग.

"मग इथे तुमचं नाव का नाही?"

"ते यांना विचारा," मी म्हटलं आणि मॅनेजरांकडे बघितलं.

'एंट्री दुसऱ्याच्याच नावाने' असा शेरा मारून तो गेला. मॅनेजर मला ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "जरा बघ, एखादी जागा रिकामी आहे का." युजरची यादी कुठे उघडते तेही त्यांना ठाऊक नव्हतं. मी उघडून दाखवली. एकूण आठ, भरलेल्या आठ, शिल्लक शून्य. सात जण रोज वापरणारे. राहिलं कोण, ते आम्हा दोघांनाही दिसत होतं.

"साहेबांना वाईट वाटेल गं. पुढच्या वर्षी लायसन वाढवून घेऊ."

पुढच्या वर्षी म्हणे! माझं डोकंच फिरलं. सुटी झाल्यावर मी तडक साहेबांच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. ते आधी पोटभर हसले. "म्हणजे आठ महिने मी माल उतरवतोय?" मग चष्मा काढून पुसू लागले. मला वाटलं, दुखावले. पण म्हणाले, "हे सांगायला आधीच यायला हवं होतंस. उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी खरंच आले, इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्या खुर्चीत बसले आणि विचारलं, "कुठलं बटण दाबायचं?" मी दाखवलं. सगळं स्टोअर भोवती उभं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव काढलं, उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बस."

मी नाव टाइप केलं. आधी माझं, मग वडिलांचं, मग आडनाव. इतका अभिमान मला लग्नाच्या पत्रिकेवर नाव बघूनही वाटला नव्हता.

दुपारी मशीन शॉपमधून फोन आला. साहेबांचं नाव काढल्याची बातमी तिथवर पोचली होती. "ताई, एक जागा रिकामी झाली म्हणे. आमच्या सुपरवायझरला देता का?"

मी यादी उघडली. उगाचच, सावकाश, वरून खालपर्यंत वाचली.

"नाही," मी म्हटलं. "आठही भरल्यात. आठवी मी आहे."