आमच्या सॉफ्टवेअरला मराठी वाचता आलं!

मंडळी, ताऱ्यांचा फोटो दिला की तो आकाशाच्या नेमक्या कुठल्या भागाचा, हे सांगणारं मोफत, खुलं सॉफ्टवेअर मी लिहितो, हे तुम्ही सहन करत आलाच आहात.

माझ्या लिनक्सवर ते चालायचं. कोपरला राहणाऱ्या कांबळेसाहेबांच्या विंडोजवर मात्र मौनव्रत.

"गुरुजी, आज नाही चाललं तर काढून टाकतोय," त्यांनी सकाळी बजावलं.

गेलो. पाहतो तर फोटोंच्या फोल्डरचं नाव देवनागरीत: 'मृगशीर्ष'. वीस वर्षं संस्कृत शिकवतोय, आणि माझ्याच प्रोग्रॅमला देवनागरी वाचता येईना!

दोन ओळी बदलल्या. चार सेकंदांत उत्तर आलं: मृग नक्षत्र!

"ते मला आधीच माहीत होतं हो," कांबळे म्हणाले. "तुमच्या सॉफ्टवेअरला कळलं, याचा आनंद आहे."

माझे सगळे फोल्डर इंग्रजी नावांचे, म्हणून चूक दिसलीच नाही. तुमचे?