उलट्या आकड्यांची पट्टी

पावर हाउसच्या नव्या रस्त्याची मोजणी करणारा तो माणूस मला एकदाच भेटला. त्या रस्त्यात माझं कापडाचं दुकान जाणार होतं. डोक्यावर गाठोडं घेऊन गावोगाव फिरून मी ते उभं केलं होतं. त्याच्या उंच लाकडी पट्टीवर आकडे उलटे रंगवलेले दिसले, तेव्हा लबाडी सापडली असं समजून मी भर रस्त्यात आवाज चढवला.

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळं शांतपणे ऐकलं.

"झालं, सेठ? आता या तिपाईवरच्या दुर्बिणीले डोळा लावा."

आत तेच आकडे सुलटे होते. माझं दुकान मात्र आभाळातून खाली लोंबत होतं, पाटीसकट. एक सायकलवाला चाकं वर करून मजेत चालला होता.

"हे कावून?"

"भिंग फुगीर आहे. वरून आलेला उजेड वाकून खाली जाते, खालचा वर. म्हणून आम्ही आकडेच उलटे रंगवतो. तुमचं दुकान सुलटं बांधलं ना, म्हणून ते उलटं दिसते."

दुकान गेलंच, त्याचा राग अजून आहे. पण त्या दिवशी तो "पुरे" म्हणाला, तेव्हा मी घासाघीस केली ती दुर्बिणीतून आणखी एकदा पाहण्यासाठी.