बीट कारखान्याच्या जागेवरच्या बाई

आमच्या बाई ज्या आवाजात "चहा टाकू का?" म्हणायच्या, त्याच आवाजात "माझं चुकलं" म्हणायच्या. आयर्लंडमधल्या गॉलवे शहरातल्या आमच्या ऑफिसात जमिनीचं प्रदूषण तपासणाऱ्या टीमच्या त्या प्रमुख. मी पुण्याची; चूक कबूल करायची म्हटलं की मी आधी सबब शोधते. त्यामुळे बाईंचा हा प्रकार मी तोंडात बोट घालून बघत राहायचे.

बाई मूळच्या सांगलीकडच्या. वडील साखर कारखान्यात केमिस्ट, सगळं बालपण मळीच्या वासात गेलेलं. तासाभरावरच्या एका गावातली बंद पडलेल्या बीट-साखर कारखान्याची जागा तपासायचं काम आलं, तेव्हा त्या माहेरी निघाल्यासारख्या खुलल्या. तिथे शाळा बांधायची होती. कारखाना केव्हाच पाडलेला, जुने नकाशे कुणाकडेच नव्हते. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून बाई भराभरा चालायच्या आणि मोकळ्या गवतावर मला कारखाना उभा करून दाखवायच्या. "इथे बीट धुवायचे. धुतलेली माती त्या तळ्यांत. चुन्याचा ढीग पलीकडे." ड्रिल घातलं तर अगदी तसंच निघालं! अशी नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. शाळेला जागा योग्य, असा अहवाल बाईंच्या सहीने गेला.

त्यानंतर शेजारच्या शेतावरच्या आजीबाईंनी आम्हाला चहाला बोलावलं. गप्पांत त्या म्हणाल्या, "कारखान्याच्या चोथ्यावर आमच्या गाई पोसल्या. सगळा चोथा गुरांनाच जायचा."

बाईंनी कप खाली ठेवला. "मग बॉयलर कशावर चालायचा?"

"तेलावर. मोठी टाकी होती ना त्या कोपऱ्यात."

गाडीत बसल्यावर बाई म्हणाल्या, "आपल्याकडे बॉयलरात उसाचं चिपाडच जाळतात गं. मी इथे सांगलीचा कारखाना मांडून बसले आणि तेलाची टाकी शोधलीच नाही. माझं चुकलं."

त्या कोपऱ्यात मुलांचं मैदान येणार होतं. मी घाबरून म्हटलं, "मॅडम, अहवालाला गुपचूप एक पुरवणी जोडू या ना. तुमचं नाव खराब व्हायचं उगाच."

"पोरं तिथे मातीत खेळणार आहेत. ती काय पुरवणी वाचून खेळणार?"

दुसऱ्याच दिवशी भर मीटिंगमध्ये त्यांनी अहवाल परत घेतला. बिल्डरचा माणूस "इट्स ग्रँड, इट्स ग्रँड", म्हणजे काही बिघडलं नाही, असं म्हणत समजूत घालत होता. आमच्या साहेबांचा चेहरा पडला होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "चूक टीमची नाही, माझी आहे. तो कोपरा खणल्याशिवाय मी सही करणार नाही." इतकी ताठ बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती.

कोपरा खणला. खाली काळं, चिकट तेल मुरलेलं होतं. ती सगळी माती उपसून नेली, नवी भरली. शाळा लांबली. बाईंकडे मोठी कामं येईनाशी झाली आणि वर्षभरात त्या सांगलीला परत गेल्या. मला भयंकर राग आला होता. त्यांना आला नसावा.

मागच्या महिन्यात शाळा उघडली. बाईंना कोण बोलावणार? मीच मैदानावरून व्हिडिओ कॉल लावला. त्याच कोपऱ्यात पोरं चिखलात लोळत होती, एकजण तर चक्क माती चाटत होता. बाईंनी मला फोन त्याच्या जवळ न्यायला लावला. मग म्हणाल्या, "भरलेली माती परत तपासलीस ना?"

"तपासली. स्वच्छ आहे."

"मग खाऊ दे," बाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.