पेंढ्यातले चिकू

तांदळाचा डबा उघडला, की आत पिकत ठेवलेल्या चिकूंचा वास येतो आणि मी डहाणूच्या वखारीत जाऊन बसते.

दोन हजार सोळाच्या सुमारास तिथे आम्ही बायका चिकू निवडायचो. माल कडकच बाहेरगावी जायचा. म्हणून आम्ही थोडे चिकू पेंढ्यात लपवून पिकवायचो आणि दुपारी खायचो. चोरीच ती. एकदा शेठनी पकडलं, पण ओरडायचं सोडून तेच आमच्यात येऊन बसायला लागले. रक्तातल्या साखरेमुळे घरी त्यांना चिकू बंद होता.

एका दुपारी शेठाणी अचानक आल्या. शेठच्या तोंडात घास, मुठीत बिया.

"पिकल्याचा वास येतोय. कोणी लपवलेत?"

"मीच, बाई," आमच्यातली सगळ्यात जुनी बाई, जैनी, म्हणाली.

शेठाणी तिला बरंच बोलल्या. शेठ मान खाली घालून बसले होते. जाताना मात्र दारात थांबून शेठाणी जैनीला हळूच म्हणाल्या, "अर्धाच देत जा त्यांना."

तेव्हा आम्ही तोंडाला पदर लावून हसलो होतो. आता आमच्या ह्यांनाही साखर आहे. स्वयंपाकघरातून डब्याचा आवाज आला, की आत जाण्याआधी मी बाहेरूनच जरा खोकते.