न बुडालेला बाप

माझी पहिली कथा छापून आली, तेव्हा तिच्यात मी माझ्या बापाला समुद्रात बुडवलं होतं. बाप त्या वेळी आमच्या पडवीत बसून चहा पीत होता आणि साखर कमी पडली म्हणून आईशी वाद घालत होता.

दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट. मी ओरोसला सरकारी कचेरीत कारकून होते आणि रोज मालवणहून एसटीने ये-जा करायचे. आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. बाबा घरी बसून दुसऱ्यांची फाटलेली जाळी दुरुस्त करायचे. आणि मी कचेरीतल्या पाठकोऱ्या कागदांवर कथा लिहायचे. तीन परत आल्या. चौथी एका दिवाळी अंकाने घेतली, वर संपादकांचं पत्र आलं की वाचताना डोळे पाणावले.

पाणावणारच. वादळ होतं, उलटलेली होडी होती, सोबत्याला वाचवून स्वतः बुडणारा शूर बाप होता आणि किनाऱ्यावर कंदील घेऊन उभी असलेली लेक होती. आमच्या घरात कंदील होता तो फक्त वीज गेल्यावर लावायला, आणि तो घेऊन मी कधी परसातसुद्धा गेले नव्हते. पण कथा 'मी' म्हणून लिहिलेली होती. घर आमचं होतं, दारातलं सुरंगीचं झाड आमचं होतं, बापाच्या कपाळावरची खोकसुद्धा माझ्या बापाचीच होती. खाली माझं नाव. ती लिहिताना मी एकदाही अडखळले नव्हते, दोन बैठकांत पुरी झाली होती. याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी मिठबावची आत्या आली. बाबांची ही चुलत बहीण, वयाने त्यांच्याहून मोठी. आमच्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, पोचली तीच गळा काढत. आई बाजारात होती, मला रविवारची सुट्टी होती. मी बाहेर यायच्या आत बाबाच उठले आणि तांब्याभर पाणी घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. आत्याचा आवाज मध्येच थांबला.

"रे मेल्या, तू जिवंत आसस?"

"आसंय तर. बस, पाणी पी."

"मग ह्या काय छापून इलाहा? माझ्या सुनेन वाचून दाखवल्यान. मी डोक्यावरसून आंघोळ केलंय आणि तशीच एसटी धरलंय!"

सगळा उलगडा व्हायला अर्धा तास लागला. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. सुनेने अंक आणला, नाव ओळखीचं दिसलं म्हणून मोठ्याने वाचला, आणि सुरंगीचं झाड आणि कपाळावरची खोक ऐकल्यावर आत्याने पुढचं ऐकलंच नाही. सुतकाची आंघोळ करून ती निघाली. आमच्याकडे फोन नव्हता, आणि असता तरी मेलेल्या भावाच्या घरी फोन कोण करतो? भाऊ धडधाकट आहे हे पटल्यावर तिला आधी रडू आलं, मग राग आला.

"काल हाडलेली सुरमई टाकून इलंय मी, सुतक म्हणान!" ती माझ्याकडे बघून ओरडली.

बाबा खो खो हसले. आई बाजारातून आल्यावर तिला सुरमईच करायला लावली आणि आत्याने दोन तुकड्या जास्त खाल्ल्या. संध्याकाळच्या एसटीत बसेपर्यंत सगळी वाडी हसत होती. मीही हसत होते, पण माझं लक्ष बाबांकडे होतं.

आत्या गेल्यावर ते पडवीत जाळं घेऊन बसले. मान वर न करता म्हणाले, "माका कित्याक बुडवलंस गो?"

"बाबा, ती गोष्ट आसा. गोष्टीत तसा करूचा लागता."

त्यांनी आणखी दोन गाठी मारल्या. मग म्हणाले, "गोष्टीतलो तो बापूस बरो होतो. पोवणारो. दुसऱ्याक वाचवणारो." सुईतला दोरा संपला होता, तो त्यांनी नवा भरला. "म्हणजे तुका तसो व्हयो होतो."

मला तसा बाप हवा होता, एवढंच ते म्हणाले, यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही. मी आत गेले आणि विनाकारण भांडी घासली.

आता खरं काय घडलं होतं ते सांगते. मी पाचवीत असताना बाबांची होडी बंदराच्या तोंडाशी उलटली होती. वादळबिदळ काही नव्हतं, एक आडवी लाट आली एवढंच. बाबा आणि शेजारचे तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य, असे दोघेच होते. पहाटेपासून दुपारपर्यंत पालथ्या होडीला धरून राहिले आणि दुसऱ्या होडीने त्यांना आणलं. कुणी मेलं नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तांडेल आठ दिवसांत पुन्हा मासेमारीला गेले. बाबा गेले नाहीत. आठ दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं. ते पुन्हा पाण्यात पाय म्हणून घालेनात. वाळूत भरतीची ओली रेघ असते, त्या रेघेच्या अलीकडेच थांबायचे. नारळी पौर्णिमेला प्रत्येक घरचा पुरुष आपल्या हाताने समुद्राला नारळ देतो. आमचा नारळ बाबा तांडेलांच्या हातात द्यायचे आणि मागे उभे राहायचे. लोक त्यांच्या तोंडावर काही बोलायचे नाहीत, एवढा चांगुलपणा आमच्या वाडीत होता. पण समुद्राला भिणारा मासेमार हे ऐकूनच लोकांना हसू यायचं. बुडालेला बाप मला लिहायला सोपा गेला. भ्यालेला बाप मला लिहिता येत नव्हता.

आत्या येऊन गेल्यावर वर्षभर मी काही लिहू शकले नाही. लिहायला बसायचे, चार ओळी व्हायच्या आणि ऐकू यायचं, म्हणजे तुका तसो व्हयो होतो. कागद फाडायचे. चिडचिड व्हायची, ती आईवर निघायची. आई म्हणायची, "लिवक येयत नसात तर कोलंबी सोल." मग मी कोलंबी सोलायचे.

एका रविवारी बाबांशेजारी नुसतीच बसले होते. त्यांच्या मांडीवर एक मोठं जाळं होतं, त्याला तळहाताएवढं भोक पडलेलं. मला वाटलं आता विणायला घेतील. त्यांनी सुरी घेतली आणि भोकाच्या कडेचे धागे कापायला सुरुवात केली. कापता कापता ते भोक ताटाएवढं झालं. मी लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसत आले होते, पण हे असं नीट बघितलंच नव्हतं.

"बाबा, फाटलेला आणखी कित्याक फाडतास?"

"ह्यो धागो कुजलो. कुजक्या धाग्यार गाठ मारलंय तर आज धरतली, फाल्या सुटतली. बरो धागो मिळापर्यंत कापूचा. मगे गाठ."

मला तिथल्या तिथे काही उमगलं वगैरे नाही. उलट मला वाटलं, किती वेळखाऊ काम. पण दुसऱ्या दिवशी एसटीत, कसालच्या फाट्याला गाडी थांबलेली असताना, एक माणूस लंगडत गाडीत चढला, आणि मला आठवलं. म्हणजे विसरले कधीच नव्हते, त्याच्या आसपास फिरकत नव्हते इतकंच.

होडी उलटली त्या वर्षी शाळेत मुलींनी मला विचारलं होतं, तुझो बापूस आता समुद्रार कित्याक जायत नाय? मी सांगितलं, त्यांच्या पायाक लागलाहा. झटकन सांगून टाकलं. ते कुणीतरी घरी सांगितलं असणार, आणि बाजारात कुणीतरी बाबांना विचारलं असणार की पाय कसा आहे. बाबांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. पण त्यानंतर शाळेवरून जाताना ते लंगडायला लागले. घरातून निघताना सरळ चालायचे. शाळेच्या गडग्याशी आले की लंगडायचे, आणि शाळेपलीकडच्या वडाच्या पुढे गेले की पुन्हा सरळ. मी वर्गाच्या खिडकीतून बघायचे. कधी डावा पाय लंगडायचा, कधी उजवा. मला भीती वाटायची की कुणाच्या लक्षात येईल. शाळा संपेपर्यंत, सहा वर्षं, माझं खोटं माझ्या बापाने पायाने निभावलं, आणि मी ते बघत बसले. त्यांना कधी म्हटलं नाही की बाबा, पुरे.

हे लिहायचं होतं. बापाच्या भीतीबद्दल लिहायचं आहे असं मी वर्षभर समजत होते, पण कुजलेला धागा त्यांचा नव्हता, माझा होता.

कथा लिहायला चार महिने लागले. जेवणाच्या सुट्टीत, टपालाच्या गठ्ठ्याआड, एकेक परिच्छेद. खिडकीत बसलेल्या मुलीला मी पुन्हा पुन्हा चांगली करत होते. एकदा तिला रडवलं, एकदा तिला बापाकडे धावत पाठवलं. दोन्ही वेळा खोडलं. मी रडले नव्हते आणि धावलेही नव्हते. मला हायसं वाटलं होतं, की बाप लंगडतोय म्हणजे माझं खोटं टिकलं. ते 'हायसं वाटलं' मी लिहिलं आणि खोडलं नाही. मग मात्र कथा सरकायला लागली, आणि मला बरं वाटायला लागलं. इतकी शरमेची गोष्ट लिहिताना बरं वाटतं हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

ही कथा पाठवण्याआधी बाबांना वाचून दाखवायची असं ठरवलं. पुन्हा आत्याला आंघोळ घडायला नको. पण खरं कारण वेगळं होतं. हे वाचल्यावर बाबा माझ्याशी पहिल्यासारखे बोलतील की नाही, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक करून घेतल्याशिवाय छापायची माझी हिंमत नव्हती.

दुपारी आई झोपली होती. मी वाचत होते, ते जाळं विणत होते. शाळेचा गडगा आला तेव्हा त्यांचा हात थांबला. मीही थांबले.

"वाच," ते म्हणाले.

मी खिडकीपर्यंत वाचलं. हायसं वाटलं, तेही वाचलं.

"तुका कळला होता?"

"व्हय."

"कधी?"

"पयल्याच दिसा."

त्यांचे ओठ हलले, आणि मला कळेना रडताहेत की हसताहेत. "खंयचो पाय, ता मी इसरत होतंय," ते म्हणाले. मग आम्ही दोघंही हसलो. मी हसता हसता रडले. त्यांनी खांद्यावरचा पंचा माझ्याकडे टाकला, त्याला माशांचा वास होता.

मग पहिल्यांदाच मी विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं? इतक्या वर्षांत घरात हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी विचार करून सांगितलं, "पालथ्ये होडयेक धरलेला, तेव्हा पाण्यात माजे पाय माका दिसत नाय होते. इतक्याच."

मग त्यांनी मला पुढे वाचायला लावलं. शेवट मी असा केला होता: नारळी पौर्णिमेला बाप स्वतःचा नारळ स्वतः घेऊन समुद्रात उतरतो. मला तो फार आवडला होता.

"ह्या काय? मी पाण्यात खंय गेलंय?"

"बाबा, गोष्ट आसा..."

"परत?" ते म्हणाले.

मी तो परिच्छेद त्यांच्यासमोरच काट मारून काढला. कथा आता तिथे संपते जिथे बाप नारळ दुसऱ्याच्या हातात देतो आणि ओल्या रेघेच्या अलीकडे उभा राहतो. संपादकांनी ती छापली, पण या वेळी कुणाचे डोळे पाणावल्याचं पत्र आलं नाही. एका अनोळखी बाईंचं पोस्टकार्ड आलं, त्यांनी आपल्या वडलांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. ते मी अजून जपून ठेवलं आहे.

त्या साली नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर नेहमीची गर्दी होती. देवाला गाऱ्हाणं घालून झालं, माणसं पाण्याकडे निघाली. तांडेलांनी सवयीने हात पुढे केला. बाबांनी सोनेरी कागद लावलेला आमचा नारळ माझ्या हातात दिला. मागून कुणीतरी बाई काहीतरी पुटपुटली. आईने तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली.

मी तांडेलांच्या बाजूने चालत गेले. पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. श्रावणातला समुद्र गढूळ असतो. मी खाली बघितलं, तर माझे पाय मला दिसेनात. खालची वाळू सरकली. बाबा काय म्हणाले होते ते मला तेव्हा कळलं, लिहिताना कळलं नव्हतं. मी मागे वळले. बाबा त्या ओल्या रेघेच्या अलीकडेच उभे होते.

"बाबा!" मी ओरडले. "माका भय वाटता!"

किनाऱ्यावर सगळी वाडी होती. ज्यांची जाळी ते विणायचे ते सगळे होते. बाबांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "वाटतला! माका पण वाटता! थंयच सोड!"

कुणी हसलं नाही. तांडेलांनी वळून बाबांकडे बघितलं, मग माझा दंड धरला.

मी नारळ तिथेच सोडला.